उजव्या हाताला पाणी

मी बाहुले रंगवते असं सांगितलं की नातेवाइकांना भातुकली आठवते, म्हणून हल्ली मी नुसतं 'पेंटिंग' म्हणते. खरं तर ती अंगठ्याच्या पेराएवढी माणसं असतात: तलवारवाला, धनुष्यवाली, कुऱ्हाड घेतलेला बुटका, एखादा राक्षस. टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकत चार-पाच जण मिळून गोष्ट खेळतात, त्या खेळातली ही पात्रं. पुण्या-बंगळुरूकडे असले खेळ खेळणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना रंगवायचा कंटाळा आहे. दिवसा मी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात भिंगाखाली पितळी भाग बघते आणि संध्याकाळी घरी येऊन दुसऱ्या भिंगाखाली जादूगारांच्या भुवया काढते. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही. तो विषय घरात बोलून बोलून संपला आहे.

घर म्हणजे फॅक्टरीचं क्वार्टर. पूर्वी ते बाबांच्या नावावर होतं, आता माझ्या. जेवणाचं टेबल खिडकीशी आहे आणि त्याचा अर्धा भाग मी बळकावलेला आहे. तिथे दिवा, रंग, तीन शून्यांचे, केसासारखे बारीक ब्रश आणि ब्रश धुवायला पाण्याची एक मोठी स्टीलची वाटी असते. ती वाटी आईच्या रुखवतातली. "माझ्या वाटीची काय दशा करून राहिली," असं आई रोज एकदा म्हणायची आणि वाटी परत मागायची मात्र नाही.

कार्तिकातली एकादशी झाल्यावर बाबा नर्मदेच्या परिक्रमेला निघाले. बाबा म्हणजे देवीदास वानखेडे, वय सत्तरीच्या पुढे, साखर, गुडघे, सगळं व्यवस्थित बिघडलेलं. आईने दोन महिने अबोला धरून पाहिला, मी डॉक्टरांचे कागद दाखवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही दोघी त्यांना सोडायला ग्वारीघाटावर गेलो.

"नियम किती असतात हो?" मी विचारलं.

"एकच," बाबा म्हणाले. "मैया उजव्या हाताला ठेवायची आणि मधातून कुठंच ओलांडायची नाही. ओलांडली की खंडित. बाकी मग मैया पाहून घेते."

आमचा काठ उत्तरेचा. इथून निघायचं ते उगमाकडे, मंडल्यावरून अमरकंटकला, तिथे वळसा घालून दक्षिणेच्या काठाने खाली समुद्रापर्यंत. बाबा अनवाणी उभे होते, त्यांचे पाय कोरड्या रेतीत रुतले होते. ते पुढे सरकले तेव्हा मी तिथली मूठभर रेती डबीत भरली. फार बारीक, एकसारखी रेती होती. बाहुल्यांच्या पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून अशी रेती भुरभुरवली की जमीन खरी वाटते.

"हेमे, रेती काहून नेऊन राहिली तू?" बाबांनी विचारलं.

"कामाला येईल."

"चलो, अच्छा है," म्हणाले आणि चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि घरी येईपर्यंत माझ्यावर चिडचिड केली.

त्या दिवसांत माझ्याकडे पुण्याचं काम होतं, पाच बाहुल्यांचा संच. चौघांना डोंगर हवा होता, तो मी बुचाचे तुकडे चिकटवून केला. पाचवा काठीवाला म्हातारा जादूगार. त्याला नदीकाठ हवा होता, म्हणून डबीतली रेती फक्त त्याच्या पायाखाली गेली. चेहरा रंगवताना ठरवून काही केलं नाही, पण म्हातारा म्हटलं की माझ्या हाताला एकच चेहरा येतो. गाल बसके झाले, कपाळावर उभी आठी आली. डोळ्यांत शेवटी चमक देतात, पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. मी तो नेहमी डाव्या अंगाला, वर देते. खऱ्या डोळ्यातली चमक उजेडाबरोबर सरकते, बाहुल्याची जागच्या जागी राहते, एवढाच काय तो फरक. या म्हाताऱ्याच्या एका डोळ्यातला ठिपका हात हलून जरा मोठाच पडला. ग्राहकाला कळणार नव्हतं, तसाच ठेवला.

म्हाताऱ्याला वाळायला वाटीच्या अलीकडे, माझ्या बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर तो तांदळाच्या दाण्याइतका डावीकडे होता. आईने पुसताना सरकवला असेल, असं समजून मी जेवायला बसले. पुढच्या दिवशी तो आणखी सरकला होता.

मी तपासणी विभागातली बाई आहे. वाटेल ते मान्य करायचा मला पगार मिळत नाही. टेबलावर पोलादी गोळी सोडून पाहिली, ती उजवीकडे घरंगळली, म्हणजे उतार उलटा. फॅक्टरीकडे चाचणीचे धमाके होतात तेव्हा आमची तावदानं थरथरतात, पण धमाक्याने सरकायचं तर पाचही सरकले असते. उरलेले चौघे जागचे हलले नव्हते. आणि हा नुसता सरकत नव्हता, वळतही होता. वाटीच्या काठाकाठाने, पाणी कायम उजव्या हाताला ठेवून. पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारून ठेवली. संध्याकाळी तो रेघेबाहेर आला होता.

आईला दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मला वाटलं, घाबरेल.

"हा तर यांच्यावानीच दिसते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने वाटीबद्दल कुरकुर केली नाही. पाणी गढूळ झालं की स्वतःच वाटी न हलवता, पेल्याने काढून बदलायची. मी ब्रश धुवायला दुसरी वाटी घेतली. आपण एका बाहुल्यासाठी दुसरी वाटी घेतली याची मला लाज वाटली, पण घेतली.

बाबांचा फोन कधीमधी लागायचा. मंडला आलं, डिंडोरी गेलं, थंडी फार आहे, पाय सुजले आहेत पण चालवते आहे मैया. आई फोन कानाला लावून टेबलाशी उभी राहायची आणि बोलता बोलता म्हाताऱ्याकडे बघायची. ज्या दिवशी अमरकंटकहून फोन आला त्या दिवशी तो वाटीच्या डाव्या टोकाशी होता. नंतर तो पलीकडच्या बाजूला गेला. पुण्याच्या ग्राहकाला मी कळवलं की एक नग अजून ओला आहे.

संक्रांतीच्या सुमारास बाबांचा फोन आला. ते दक्षिण काठाने उतरत ग्वारीघाटाच्या बरोबर समोर, गुरुद्वाऱ्याजवळ पोचले होते. "मी तर येऊ शकत नाही, तुम्हीच या नावेनं," म्हणाले. आईने तिळाचे लाडू केले आणि आम्ही पलीकडे गेलो.

मी त्यांना आधी ओळखलं नाही. अंगावरचं सगळं मांस उतरलं होतं, टाचा चिरल्या होत्या, एका पायाला फडकं बांधलेलं. लाडू त्यांनी कपाळाला लावून पिशवीत ठेवला, मोबाईलशेजारी. मी पाय तपासायला खाली बसले. फडक्याला वास येत होता. मला रडू आलं, आणि रागही.

"पुरे झालं आता," आई म्हणाली. "तो पाहा, समोर आपला घाट. नावेत बसा अन् चला घरी."

"नाही शकु."

"या पायानं समुद्रापर्यंत जासान काय तुम्ही?"

"जेवढं होईल तेवढं. खंडित नाही करत मी. परत म्हणू नको."

आई परत म्हणाली नाही. नावेत ती त्यांच्याकडे पाठ करून बसली.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, हात धुतले आणि टेबलाशी गेली. म्हातारा वाटीच्या पलीकडे, अगदी मधोमध उभा होता. आईने त्याला दोन बोटांत धरून उचललं. पाण्यावरून हात आणला आणि त्याला अलीकडे ठेवलं, आपल्या ताटाच्या जागी.

"आई, काय करून राहिली?"

"काही नाही," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. तांदूळ तिने तिघांचे घेतले.

दिवे लागायच्या सुमाराला दार वाजलं. बाबा होते.

"आलो," म्हणाले.

"कसे आले?" मी विचारलं.

"चालत."

"पिशवी कुठंय? मोबाईल?"

"तिकडेच राहिलं."

नदीवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरून माणूस चालत येऊ शकतो. त्या पायाने इतक्या लवकर येऊ शकतो का, याचा हिशेब मी तेव्हा मनातल्या मनात मांडत होते. आईने गरम पाण्याचं घमेलं आणलं आणि त्यांचे पाय धुवायला बसली. मीही वाकून पाहिलं. सूज नव्हती, चिरा नव्हत्या. तळव्यांना बारीक, एकसारखी रेती लागलेली होती. आईने काथ्याने घासली. रेती निघेना. तिने पाय पुसले आणि त्यांना मोजे घातले.

मग लाईट गेली.

जानेवारीतली संध्याकाळ, घरात लगेच काळोख झाला. आई मेणबत्ती शोधत होती. बाबा माझ्यासमोर बसले होते. चेहरा दिसत नव्हता. दोन पांढरे ठिपके दिसत होते, डाव्या अंगाला, वर. एक जरा मोठा.

मेणबत्ती आली. आईने ती त्यांच्या उजव्या बाजूला ठेवली, मग उचलून डाव्या बाजूला. ठिपके हलले नाहीत. तिनेही ते पाहिलं; मेणबत्तीवरचा तिचा हात तिथेच थांबला होता. मग ती म्हणाली, "जेवून घ्या. दमले असान."

सकाळी मी टेबलाशी गेले. म्हातारा ताटाच्या जागी नव्हता. तो परत पलीकडे, मधोमधपासून जरा पुढे होता. पाणी उजव्या हाताला.

आतल्या खोलीत बाबा खोकले. आई चहा घेऊन तिकडे निघाली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा' होतं.

आईने चहा खाली ठेवला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"उचलू दे, आई."

"काहून उचलते? घरी आहेत ना ते."

"आई, त्यांचा पाय..."

"घरी आहेत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

फोन वाजतच होता. तो एका हातात धरून तिने दुसऱ्या हाताने वाटी उचलली, मोरीत नेली आणि सावकाश पालथी केली.

पाणी गेलं तसा फोन थांबला.

मी टेबलाकडे पाहिलं. म्हातारा होता तिथेच उभा होता. फक्त आता त्याच्या उजव्या हाताला काही नव्हतं.