जुनी डिस्क परत मिळत नाही

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि शेवटचा भाग मी स्वतः अनुभवलाय. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

आणि हो, मध्यरात्र वगैरे काही नव्हती... भर दुपार होती.

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखासुद्धा बंद करून. गेल्या वर्षी अचानक गेले. मागे राहिला त्यांचा लॅपटॉप, आणि त्यात त्यांचा आवाज.

ताई त्याच लॅपटॉपवर भाषांतराची कामं करायची. एक दिवस आतून काहीतरी वाजायला लागलं...

टक... टक... खर्रर्र.

मग स्क्रीन काळी.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने तपासून मान हलवली. "हार्ड डिस्क गेली, मॅडम. वॉरंटीत आहे, नवी बसवून देतो. पण जुनी कंपनीकडे जमा होते. परत मिळत नाही."

"आणि आतलं सगळं?"

"ते गेलंच समजा."

"अहो, माझ्या नवऱ्याचा आवाज आहे त्यात. तो आता नाहीये."

तो बिचारा जरा पुढे झुकला. "बाहेर कुणाकडून उघडून घेतलीत तर वॉरंटी जाईल. शिवाय आतलं निघेलच असं नाही. बघा तुम्ही."

ताई बराच वेळ काउंटरला धरून उभी होती. हातातलं काम अडलं होतं. घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललेलं. शेवटी डोळे मिटून म्हणाली, "घ्या ठेवून."

नवी डिस्क बसली. लॅपटॉप घरी आला. कोरा करकरीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामाला बसली, तर स्क्रीनवर एक ऑडिओ फाइल. नाव नाही, काही नाही. कंपनीचंच काहीतरी असेल, असं म्हणून तिने लावली.

आधी नुसती शांतता. बंद खोलीत असते ना, तशी...

मग काउंटरच्या काचेवर अंगठी घासल्याचा बारीक आवाज.

आणि मग ताईचाच आवाज. "घ्या ठेवून."



पुन्हा शांतता... आणि अगदी माइकला तोंड लावून बोलावं तसे, हळू आवाजात, भावोजी...

"कुणाला देऊन आलीस मला?"

ती तशीच उठली. पायात चप्पलही न घालता रस्त्यावर आली. कशीबशी सर्व्हिस सेंटरला पोचली.

सांगायची वेळच आली नाही. तिला बघताच तो माणूस खुर्चीतून उठला. चेहरा पांढराफटक. ड्रॉवरमधून पाकीट काढून त्याने तिच्यापुढे सरकवलं. आत जुनी डिस्क.

"घेऊन जा, मॅडम. कंपनीला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

"का? काय झालं?"

"हिला कुठलीच वायर जोडलेली नाही," तो म्हणाला. "तरी सकाळपासून..."

 ताईने पाकीट उचललं आणि ती निघाली.

घरी येऊन पाहिलं, तर ती फाइल गायब. त्यानंतर लॅपटॉप आजतागायत सुरळीत चालतोय.

पुढे महिन्याभराने मी तिच्याकडे गेलो. ताई वाळली होती, पण शांत होती. तिने सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, टाकून दे ना ती डिस्क. कशाला जिवाला घोर?"

ती उठली, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घडीखालून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढली.

"हात लाव."

मी हसण्यावारी नेलं... आणि हात लावला.

गरम होती.

बंद कपाटात, कशालाही न जोडलेली... गरम. मी चटकन हात मागे घेतला.

ताईने मात्र तिच्यावर अलगद तळहात ठेवला. कपाळावर ठेवतात तसा.

"आज जरा जास्तच तापलाय," ती म्हणाली.

तापलीय नाही...

तापलाय.

मी पुढ्यातला चहा तसाच टाकून निघालो. फोन मी तिला रोज करतो. घरी जायचं मात्र काही ना काही कारण काढून टाळतोय.