आठाचा आकडा

गोष्ट १९८४ सालची. सकाळी नवाच्या सुमाराला गास गावची फिलोमिना धाकट्या लेकाला, फेबियनला घेऊन माणिकपूरच्या मैदानात आली. मोटारसायकलच्या परवान्याची परीक्षा होती. महिन्यातून एकदा आरटीओचा साहेब इथं खुर्ची टाकून बसायचा.

गाडी थोरल्याची, सेबेस्टियनची. दोन वर्षांमागं तळ्याच्या वळणावर रेती सांडलेली. त्यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला अन् घसरून त्याच गाडीखाली गेला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. फिलोमिना म्हणाली, "देवाला कशाला मधी ओढता? मीच मारलं त्याला." खोटं नव्हतं. एजंटाला गाठून बिनपरीक्षेचा परवाना तिनंच आणवला होता. फादरनी चर्चच्या आवारात गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा ती हसत बोलली होती, "आणखी कसली परीक्षा? झाली की इथंच."

म्हणून फेबियननं एजंटाचं नाव काढलं, तेव्हा हातातला कोयता तिनं खाली ठेवलाच नाही.

"शिकशील तर चालवशील. नाहीतर गाडी विहिरीत टाकीन, अन् मागोमाग तुला."

शेजारच्या सॅन्टननं तीन महिने त्याला भाताच्या रिकाम्या शेतात शिकवलं. फिलोमिना बांधावर बसून असायची. एका संध्याकाळी सॅन्टन पाणी प्यायला गेला अन् फेबियन वैतागून ओरडला, "आये, मागून धरू नको ना! मला तोल सांभाळता येतो."

ती बांधावरच होती. शेतात तिसरं कुणी...

पेंढ्याच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला होता, अन् त्यात सेबेस्टियनच्या डोक्याच्या तेलाचा. तिला भीती नाही वाटली.

"धरू दे रे," ती पुटपुटली.

आता मैदानात चुन्यानं मोठा आठाचा आकडा काढला होता. त्यावरून गाडी फिरवायची. पाय जमिनीला टेकला की नापास.

फेबियनची पाळी आली. साहेबानं डोळे बारीक केले. "ए, मागच्याला उतरव. परीक्षा एकट्यानं द्यायची."

रांगेतली माणसं हसली. फेबियननं वळून पाहिलं. सीट रिकामी.

फिलोमिना पुढं झाली. त्या रिकाम्या जागेकडं बघत हळूच म्हणाली, "उतर, बाळा... त्याला एकट्याला जाऊ दे."

गाडीची मागली बाजू बोटभर वर आली.

फेबियननं दोन फेरे मारले. पाय एकदाही टेकला नाही. गाडी कडेला लावून तो धावतच आला. "आये, पास!" तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, अन् मग कितीतरी वेळ त्याला सोडलंच नाही.

दोघं नळावर पाणी पिऊन परतली. गाडी कडेला नव्हती. आठाच्या मधोमध उभी होती. किल्ली फेबियनच्या खिशात.

साहेबानं मान वर न करता कागद पुढं केला. "हा पास. तुमचा दुसरा नापास, तीनदा पाय टेकला. घाबरतो फार. महिन्यानं परत आणा."

"दुसरा कोण...?" फेबियननं विचारलं.

फिलोमिनानं पदरानं तोंड पुसलं.

"आणते साहेब. नीट शिकवते, अन् आणते."

गाडीजवळच्या चुन्यात अनवाणी पावलाचे तीन ठसे होते. दोन उथळ. तिसरा अजून हळूहळू खोल होत चालला होता.