शिरूरचं एकच पोर

मन्मथ सरांनी भर वर्गात चोर म्हटलं, तेव्हा त्यांच्या क्लासच्या ऑफिसात काम करणाऱ्या मालविकेने घरी जाऊन नांदेडच्या रेणुकादासांना फोन लावला. ते खासगी तपासाची कामं करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लातूरला क्लासच्या ऑफिसात आले. सोबत त्यांचा मित्र नागप्पा, उदगीरचा धान्यव्यापारी. तपास कुठलाही असो, नागप्पा आधी चहा मागवायचा.

मालविकेने अकरावीच्या दोनशे चाळीस पोरांचे अर्ज संगणकात भरले होते. यादी काढली, तर एकशे बाराच नावं निघाली. बाकीची तिने पुसून समोरच्या क्लासला पोचवली, असं सरांचं म्हणणं. आज खुलासा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती. वर असा डाग घेऊन लातुरात दुसरी कोण देणार?

शिपाई केरबा म्हणाला, मशीनच्या खोलीत तो चपलासुद्धा नेत नाही.

प्रोग्राम लिहिला होता सरांच्या भाच्याने, सोमेशने. तो जरा चिडलाच. लोक नाव दरवेळी वेगळं लिहितात, म्हणून त्याचा प्रोग्राम गाव आणि जन्मतारखेवरून पोरगा ओळखायचा. त्याच पोराचा दुरुस्त अर्ज आला, की जुनी नोंद जाऊन नवी बसायची. कॉलनीतल्या वीस पोरांवर त्याने तपासलं होतं. एकही नाव गळलं नव्हतं.

नागप्पा यादी वाचत होता. “शिरूर अनंतपाळचं एकच पोर? तिथून रोज जीप भरून येतात की.”

रेणुकादासांनी मालविकेला एक अर्ज भरायला लावला. नाव टाइप करताना ती एकेक अक्षर शोधत होती. जन्मतारीख मात्र तिने कीबोर्डकडे न बघता टाकली.

“नागप्पा, तुझा वाढदिवस कधी?”

“एक जून. पण आई म्हणायची, मी लई थंडीत झालो.”

रेणुकादासांनी सगळ्यांना मशीनसमोर बोलावलं. गठ्ठ्यातले शिरूरचेच दोन अर्ज काढून दिले. मालविकेने पहिला भरला. यादीत नाव दिसलं. दुसरा भरला, आणि पहिलं गेलं.

“चोर कुणीच नाही,” रेणुकादास म्हणाले. “खेड्यात तारीख कुणाला ठाऊक नसते. पोरं पहिलीत बसवताना गुरुजी सगळ्यांना एक जून लिहितात. भूकंपात दप्तरं गेली, तिथं तर पुन्हा सगळं एका बैठकीत लिहिलं. गाव एक, वर्ष एक, तारीख एक. सोमेशच्या मशीनला अख्खी जीप म्हणजे एकच पोरगा वाटला. शेवटी भरलेला तेवढा राहिला.”

“कॉलनीतल्या पोरांच्या तारखा दवाखान्यातल्या,” सोमेश हळूच म्हणाला. प्रत्येक अर्जाला वेगळा नंबर द्यायला तो लगेच बसला.

सरांनी घसा खाकरला. “बरं. मालविका, पुन्हा भरायला घे.”

तिने कीबोर्ड बाजूला सारला. “सर, जिथं चोर म्हणालात, तिथं आधी सांगा.”

सर वर्गात गेले. फळ्याकडे तोंड करून म्हणाले, “मालविका मॅडम निर्दोष आहेत. चूक माझी आहे.”

दोनशे पोरांनी सवयीने ते वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, पुन्हा सांगता का?”