मेथीची खूण

खूणवाचक यंत्राच्या पडद्यावरचा निकाल डॉ. श्रीरंग घाटपांडे यांनी तीनदा वाचला. तपासलेली आतड्याची गाठ त्यांच्या पत्नीची, कुमुदची होती.

“तीस वर्षं पोटात फोलेट, म्हणजे पालेभाजीतलं जीवनसत्त्व, जवळजवळ नाहीच,” सहकारी डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. “ते कमी पडलं की पेशी जनुकात चुकीचं अक्षर बसवते. त्या चुकांचीच ही खूण, सर. यंत्र ती थेट वाचतं. काय खाल्लंत, असं कुणाला विचारावंच लागत नाही.”

“मग यंत्र चुकलंय. आमच्याकडे रोज मेथी, चवळई, नाहीतर शेपू. शिवाय माझा तक्ता काय सांगतो?”

तो तक्ता देशभर चालत होता. बारा हजार माणसांच्या आहारपत्रिकांवरून श्रीरंगांनी अकरा वर्षांपूर्वी दाखवलं होतं, की पालेभाजी पुरुषांचं आतडं राखते आणि बायकांचं बिघडवते. कारण कुणालाच सापडलं नव्हतं. पण आकडे आहेत म्हटल्यावर कारणावाचून कुणाचं अडतं? बायकांची पालेभाजी बंद झाली.

संध्याकाळी ते रुग्णालयात कुमुदजवळ बसले.

“तू आहारपत्रिकेत रोज पालेभाजी लिहिली होतीस ना?”

“हो. रोज करतच होते की.”

“आणि खायचीस?”

“अहो, तुमचं, मुलांचं, मामंजींचं झाल्यावर कढईत राहायचं काय? मी आपली ताक-भाकरी खायचे.”

“मग लिहिलीस कशाला?”

“‘तुमच्याकडे जेवणात काय असतं?’ असं विचारलं होतंत. घरात भाजी होत नाही, असं लिहायचं का?”

प्रश्न श्रीरंगांनीच तयार केला होता. त्यांनी तिथूनच रेहानांना फोन लावून सगळं सांगितलं.

“घरोघरी मातीच्या चुली, सर. सगळ्या बायकांनी खाल्लेलं नाही, केलेलंच लिहिलं असणार. जिथे पालेभाजी होत नव्हती, तिथे निदान उसळ-आमटी तरी बाईच्या वाट्याला येत असणार. माझ्या अम्मीनंही.”

श्रीरंगांना लाज वाटली नाही, रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

“मुलं परदेशी गेली, मामंजीही गेले, तेव्हा भाजी उरायला लागली होती,” कुमुद म्हणाली. “दोन-तीन महिने रोज वाटीभर खाल्ली मी. छान लागायची. मग तुमचा तक्ता आला, आणि तुम्हीच म्हणालात, आता तू खाऊ नकोस.”