फाटकाच्या तीन कड्या

"ती उशी घेऊ नका."

आयोनाने वळून पाहिलं. दुकानात कोंबड्यांच्या दाण्याच्या गोण्यांपलीकडे एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर तारेचं भेंडोळं, केसांत बाहेरच्या भुरभुरीचे थेंब.

"का? तुमची आहे?"

"नाही. पण मखमली आहे. रिट्रीव्हर कुत्र्याचं पिल्लू चार दिवसांत तिचा कापूस बाहेर काढेल, आणि निम्मा खाईल. जुनी चादर अंथरा, बास."

"फुकटचे सल्ले बरे देता हो तुम्ही!"

"विकतचे कोण घेतंय?" तो हसला.

बाई गं, काय हसला तो... आयोनाला उगीचच आपल्या ओल्या टोपीची लाज वाटली. आणि लाज वाटली की ती हट्टाला पेटते, हे किलब्राय गावात सगळ्यांना ठाऊक आहे. उशी तिने घेतलीच. वर दोन वाडगे, चावायचं रबरी हाडूक आणि एक लाल पट्टाही घेतला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर तोच समोर!

"मी रुआरी. जीन मॅकरेंचा भाचा. मावशीचा गुडघा धरलाय, म्हणून घर बघायला मला पाठवलंय. पिल्लू कोण मागतंय ते ठाऊक होतं, म्हणून तर काल उशीवरून हटकलं."

आता जीन मॅकरे म्हणजे काय सांगायचं! तिच्या रिट्रीव्हर पिल्लांसाठी आमच्या खोऱ्यात लोक दोन-दोन वर्षं थांबतात. लेकीसाठी स्थळ बघावं तशी ती आधी घर बघते, आणि मनाला आलं नाही तर सरळ नाही म्हणते. आयोनाला ते पिल्लू हवंच होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी टपाल कचेरीत गावभरच्या गप्पा ऐकायच्या, आणि दुपारी घरी येऊन किटलीशी बोलायचं. तेवढंच तिचं जगणं उरलं होतं.

रुआरीने मात्र कामात कसर ठेवली नाही. पोटावर सरपटत टेबलाखालच्या वायरी पाहिल्या. खिडकीतल्या डॅफोडिलच्या कुंड्या उंचावर ठेवायला लावल्या, कारण त्या फुलझाडाचे कंद कुत्र्याला विषारी. मग बागेत गेला. कुंपणं घालणं हा त्याचा धंदाच.

"इथे भोक आहे. उद्या येऊन बुजवतो."

उद्या आला, तर दुसरं भोक सापडलं. परवा तिसरं.

"आणि उशी कुठंय?" तिसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं.

"मांजराला दिली."

"तुमच्याकडे मांजर नाही."

"...चहा घेणार की चौकशी करणार?"

चहा घेता घेता तो म्हणाला, "तुमचा रोजच्या वापरातला एखादा कपडा द्या. न धुतलेला हवा. पिल्लांच्या आईजवळ अंथरतो आणि पिल्लाबरोबर परत आणतो. आईचा वास जवळ असला की पिल्लू कमी रडतं."

आयोनाने अंगातलाच स्वेटर काढून दिला. वडिलांचा निळा, जाड विणीचा. दोन हिवाळे ती तोच घालत होती. रुआरीने तो नीट घडी करून घेतला, आणि निघताना फाटकाशी थबकला.

"एका फाटकाला तीन कड्या? पिल्लू येणार आहे की दरोडेखोर?"

आयोना हसायला गेली, पण हसू आलंच नाही.

"मावशींनी भरून घेतलेल्या कागदावर विचारलं होतं ना, आधीचा कुत्रा कशाने गेला... मी म्हातारपणाने लिहिलं. खोटं आहे ते." तिने गार लोखंडी गज घट्ट धरला. "ब्रॅकन बाबांचा होता. बाबांना पुरलं त्या दिवशी सगळ्यांत शेवटी मी घरात आले. फाटक उघडंच राहिलं माझ्याकडून. बाबांना शोधायला गेला असेल तो... रस्त्यावर दुधाची गाडी आली."

रुआरीने तिन्ही कड्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"मला हे मावशीला सांगावं लागेल," तो म्हणाला.

"सांगा," ती म्हणाली.

दोन दिवस गेले. ना फोन, ना निरोप. तिसऱ्या दिवशी कचेरीतून परतली, तर फाटकाला एक पिशवी अडकवलेली. आत निळा स्वेटर, बास. पिल्लू नाही, चिठ्ठी नाही.

पिल्लाबरोबर परत आणतो म्हणाला होता. पिल्लाशिवाय आला, म्हणजे जीन मॅकरेंनी नाही म्हटलं. पायरीवर बसून तिने स्वेटरात नाक खुपसलं. दुधाचा, गवताचा वास होता त्याला. मग तिला स्वतःचाच राग आला. बादलीभर पाण्यात साबण घालून तिने तो स्वेटर खसाखसा धुतला, दोरीवर टाकला. वाडगे, पट्टा, उशी, सगळं कपाटात कोंबलं. रुआरीही आता येणार नाही, हे त्यानंतर मनात आलं, आणि ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार थांबली.

"आयोना, कड्या काढ गं! माझे हात अडकलेत."

त्याच्या कोटातून एक सोनेरी डोकं बाहेर डोकावत होतं.

"पण... पण स्वेटर तर परत दिलात!"

"घरात आधी वास मुरावा म्हणून काल आणून ठेवला. तू नव्हतीस. मला वाटलं, कळेल तुला."

"काय कळेल? तोंड नाही का तुला?" तिने अहोजाहो कधी सोडलं, तिचं तिलाच कळलं नाही. "आणि मावशी?"

"म्हणाली, फाटक उघडं टाकणारे पुष्कळ बघितले, तीन कड्या लावणारी हीच. खोटं लिहिल्याबद्दल मात्र रविवारी येऊन बोलणी खाऊन जा म्हणाली."

आयोनाला रडू फुटलं. "रुआरी, मी तो स्वेटर धुतला रे..."

त्याने दोरीकडे पाहिलं. मग पिल्लाकडे. पिल्लाने गळा काढलाच होता.

घरात आल्यावर चादरीवर ठेवलं, तरी रडं थांबेना. कपाटातून उशी काढली, तिचाही उपयोग नाही. शेवटी रुआरीने अंगातला कोट काढून जमिनीवर पसरला.

"गेले दोन महिने रोज संध्याकाळी याच्या आईजवळ बसतोय मी. वासामुळे मावशी या कोटाला घरात घेत नाही."

पिल्लाने दोन गिरक्या घेतल्या, बाहीत तोंड खुपसलं आणि झोपलं.

"आता तू जाशील कसा? बाहेर गारठा आहे."

"हे उठेपर्यंत तरी अडकलोच की."

ती बाहेर गेली, दोरीवरचा निळा स्वेटर घेऊन आली. वाऱ्याने वाळला होता. त्याने तो घातला. खांद्यात अगदी बरोबर बसला. दोन वर्षांत तो स्वेटर कुणा दुसऱ्याच्या अंगात तिने पाहिला नव्हता. डोळे पुन्हा भरले, पण बरं वाटलं.

"खरं सांग, कुंपणाला तीन भोकं होती?"

"पहिलं खरं होतं."

"आणि बाकीची?"

"बाकीची..." तो कानापर्यंत लाल झाला. "मला यायचं होतं, आयोना. अजूनही यायचंय. भोकं नसताना."

ती उठून फाटकाशी गेली, तिन्ही कड्या लावल्या, आणि परत येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. गेल्या दोन वर्षांत, कड्या लागल्यात ना, हे पुन्हा बघायला ती आज पहिल्यांदाच उठली नाही.