हेडफोनमधलं ‘नको’

ही रचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो पायलट आजही उडतो. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात.

दिवस मावळत होता. डोंगरापलीकडच्या लहान दवाखान्यात एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. तिला हेलिकॉप्टरने मोठ्या दवाखान्यात आणायचं होतं. हवामान खात्याचा निरोप होता... आकाश निरभ्र.

"दादा, जरा दामटा," मागून सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांचा चहा अर्धा राहिलाय. तोंड बघा त्यांचं."

डॉक्टर हसले.

खिंड आली... आणि समोरचा डोंगर नाहीसा झाला.

काचेबाहेर नुसता पांढरा ढग. खाली जमीन नाही, वर आकाश नाही.

त्यांच्या कामात एक नियम होता. तिघांपैकी कोणीही 'नको' म्हटलं की माघारी फिरायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, विचारायचं नाही.

कॅप्टनने दात आवळले. पलीकडे बाई मरत होती. अजून थोडं पुढे...

"नको."

हेडफोनमध्ये एका बाईचा आवाज. हळू. अगदी कानाशी.

त्याने हेलिकॉप्टर वळवलं.

तळावर उतरल्यावर सिस्टरचा बांध फुटला.

"का फिरलो आपण? अजून थोडं बघायचं होतं, दादा!"

"तूच 'नको' म्हणालीस ना?"

"मी? आईशपथ, मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

डॉक्टरांनी तर काहीच ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या दवाखान्याचे डॉक्टर.

"पोचली का पेशंट? कशी आहे?"

"अहो, आम्ही आलोच नाही. खिंडीतून परत फिरलो."

"चेष्टा पुरे. धुक्यात उतरलात, कमाल केलीत! स्ट्रेचर मी स्वतः आत चढवलं."

कॅप्टनने फोन कानाशी घट्ट धरला.

"आत... कोण होतं?"



"एक सिस्टर होत्या. एकट्याच. काही बोलल्या नाहीत..."

सगळा डोंगर पालथा घातला. ना बाई सापडली, ना स्ट्रेचर.

बाळ मात्र लहान दवाखान्यातच राहिलं होतं; ते वाचलं. धुकं पडलं की बाळंतिणीचा नवरा त्याला कडेवर घेऊन तळावर येतो. भांडत नाही. कॅप्टन त्याला खुर्ची देतो. दोघं धुक्याकडे बघत बसतात.

परवा धुक्यात तळावरचं एकमेव हेलिकॉप्टर समोर उभं होतं. पंखा बंद. नवऱ्याने मान वर केली.

"साहेब, वर पंख्याचा आवाज येतोय ना?"

कॅप्टनने वर बघितलं.

त्यालाही येत होता.