फोटोतली खोली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. मध्यरात्री नाही, दिवसाढवळ्या, दुपारी चार वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या नव्या घरात.

मावशी शिवणकाम करते. फोटो दाखवायचा, नुसत्या नजरेनं माप घेऊन ती हुबेहूब तसंच शिवून देते. याच कामावर तिनं सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, अकरा बिऱ्हाडं बदलली. प्रत्येक घरमालक बजावायचा, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

त्या सगळ्या वर्षांत तिनं मासिकातलं एक पान जिवापाड जपलं होतं. एका देखण्या खोलीचा फोटो. निळसर भिंत, खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर पांढरी उशी, खाली राखाडी गालिचा.

माणसाची मात्र खूणही नाही.

स्वतःचं घर झालं तेव्हा मावशीनं त्या पानावरून खोली अक्षरशः शिवून काढली. पडदे, उशी, खुर्चीचं कापड... तसूभरही फरक नाही.

पहिल्या आठवड्यात दाराशी काढलेल्या चपला कपाटात सापडल्या.

"म्हातारी झाले," मावशी हसून म्हणाली.

मग चष्मा. मग औषधाच्या गोळ्या. मग तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, आमच्या काकांचा फोटो... तो तर ट्रंकेच्या तळाशी, पालथा.

रोज चार वाजता. रोज एकेक वस्तू. आणि खोली पुन्हा... त्या पानासारखी.

एका सोमवारी तिनं खुर्ची सरकवून खिडकीशी शिलाई मशीन मांडलं. उजेड तिथेच चांगला होता. मग ती चहा टाकायला आत गेली.

बाहेर आली तर... मशीन नाही.

खुर्ची जागेवर. उशी नीट फुगवलेली. आणि मशीन मागच्या बाल्कनीत, भिंतीकडे तोंड करून उभं.

ते उचलायला दोन माणसं लागतात. तिला तर ओढल्याचा साधा आवाजही आला नव्हता.

मावशीनं मासिकातलं ते पान पुन्हा काढून पाहिलं. फोटोत नसलेलं सगळं उचलून झालं होतं. आता एकच उरलं होतं.

ती स्वतः.

माझी आई फोनवर रडायलाच लागली. "ताई, विकून टाक ते घर. इकडे निघून ये."

"का म्हणून?" मावशी कडाडली. "अकरा घरमालक झेलले, आता हा बारावा? मी नाही हलत!"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या मदतीनं तिनं मशीन परत आणलं. खोलीच्या मधोमध मांडलं. भिंतीत खिळा ठोकून काकांना टांगलं. पांढरी उशी कात्रीनं कापून तिच्या चिंध्या गालिच्यावर भिरकावल्या.

चार वाजले.

वारा नसताना पडदा हलला... आणि तिच्या दोन्ही काखांत गार हात शिरले.

कोणीतरी तिला उचलत होतं.

मावशीनं मशीन घट्ट धरलं आणि त्याच्या पायट्यावर पाय मारायला सुरुवात केली. खडखड, खडखड. "माझं घर आहे हे!" ती ओरडली. "पसारा होणार! रोज होणार! काय करायचं ते कर!"

पाऊण तास ती तशीच मशीन चालवत राहिली. सुईत दोरा नव्हता.

मग हात सुटले.

त्यानंतर त्या घरातली एकही वस्तू हलली नाही. मी मागच्या महिन्यात स्वतः गेले होते. मावशी खिडकीशी बसून शिवत होती, पायाशी रंगीबेरंगी चिंध्या पडल्या होत्या. इतकं छान दिसत होतं की मी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

फोटो पाहिला आणि...

निळसर भिंत. खुर्ची. पांढरी उशी. राखाडी गालिचा.

मावशी नाही. मशीन नाही. एक चिंधीसुद्धा नाही.

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं चष्म्यातून नीट पाहिलं.

"फोटोत नसले तर नसले," ती म्हणाली. "घरात आहे ना?" आणि तिनं पुन्हा पाय मारायला घेतला.

आता मी तिला रोज फोन करते, साडेचार वाजता. ती लगेच उचलते, बोलते, चेष्टाही करते. पण मागे मशीनची खडखड ऐकू येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.